ठिबक आणि टिश्यूच्या रोपांनी केळीचं नेमकं काय बदललं? जुन्या लोकांनी सांगावं

यावलचा_परदेशी

नमस्कार मंडळी. मी मूळचा यावल तालुक्यातला, सध्या नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला शिकतोय. वर्गात पंधरा मिनिटं बोलायचंय. विषय असा की नव्या तंत्रज्ञानानं विकसनशील देशांतलं पीक उत्पादन कसं बदललं. बाकी सगळ्यांनी गहू-भात घेतलाय. गव्हाचे शास्त्रज्ञ बोरलॉग, मेक्सिकोचा बुटका गहू, १९६६ साली भारतानं मागवलेलं १८ हजार टन बियाणं, फिलिपाइन्सचा आयआर-८ भात. हे सगळं पुस्तकात आहे. मी म्हटलं, आपण आपली केळी सांगू. जगातली साधारण पाव केळी भारतात पिकतात हे इथे कुणाला माहीतच नाही. सुपरमार्केटात इक्वाडोरची केळी दिसतात, म्हणजे सगळी तिकडचीच, असा समज.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, "पहिले दीड वर्ष लागायचं, आता वर्षात निघते. अजून काय सांगू?" संपलं.

त्यात माझ्या शेजारी बसणारा मुलगा युगांडाचा. त्याची आई मातोकेची केळी लावते, सगळी पावसावर. मी त्याला ठिबकाचं कौतुक सांगत होतो, तर तो म्हणाला, "मग वाचलेलं पाणी कुठे गेलं?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी कंदाची केळीही लावली आणि टिश्यूचीही (म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची), त्यांनी लिहा. लिंक नकोत, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

एक_एकर_मालक

सगळंच बदललं की. पूर्वी केळीवरचं कर्ज दीड वर्षात फिटायचं नाही, आता ते बारा महिन्यांत फिटत नाही.

वहीवाला_रावेर

बाळा, तुझे वडील बरोबर बोलले. शेतकरी फोनवर तेवढंच बोलतो. मला आज वेळ आहे, लाइट रात्री येणार आहे.

वय ६९. रावेर तालुका, तापीपासून सात-आठ किलोमीटरवर शेत. १९७८ पासून वही लिहितो. लागवड कधी, शेणखत किती गाड्या, घड किती, भाव काय मिळाला. घरात या वह्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे तू विचारलंस ते बरं वाटलं.

आधी कंदाची केळी कशी होती ते ऐक. जात बसराई. जुन्या बागेतून मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिलं) खणून काढायचे, कंद तासायचे, गाडीत भरून आणायचे. एक कंद नारळाएवढा, दुसरा मोसंबीएवढा. कोणता किती वयाचा, कुणाला ठाऊक? लावले एका दिवशी तरी उगवायचे आपापल्या मर्जीनं. एक झाड निसवून (म्हणजे केळफूल बाहेर पडून) घड लोंबतोय आणि शेजारचं अजून पानंच काढतंय, हे रोजचं दृश्य. १९८४ चं पान समोर आहे. लागवड २६ जून. पहिला घड कापला पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, शेवटचा जानेवारी संपता संपता. साडेचार बाय साडेचारवर एकरी एकवीसशे कंद, हाती आले साडेसोळाशे घड. रास तेराची. (रास म्हणजे घडाचं सरासरी वजन, किलोत, तुझ्या वर्गाला सांगावं लागेल.) म्हणजे एकरी एकवीस टन, तेही एकोणीस महिने शेत अडकवून.

आता २०२२ चं पान. टिश्यूची ग्रँड नैन, पाच बाय पाच, एकरी १७४०. कापले सोळाशे, रास चोवीसची, अडतीस टन. साडेअकराव्या महिन्यात कापणी सुरू, चार आठवड्यांत कापणी संपली. वर पिलबाग (त्याच बुंध्याच्या पिलांचं दुसरं पीक) राखली ती वेगळीच. तुझ्या आलेखाला हे दोन आकडे पुरतील, पण माझ्या एका शेताचे आहेत, जिल्ह्याचे म्हणून लावू नकोस.

आता पाणी. बारं धरणं हा शब्द तुझ्या पिढीला माहीत आहे का? आठवड्याची पाळी. लाइट रात्री अकराला येणार, म्हणून साडेदहाला कंदील, फावडं घेऊन निघायचं. पाटाचं पाणी दांडात (शेतातल्या लहान चरात), दांडातून एकेका वाफ्यात. वाफा भरला की बारं मोडायचं, पुढचं धरायचं. केळीच्या बागेत रात्री काही दिसत नाही, नुसती पानं अंगाला लागतात. पाणी कुठवर आलं ते पायाला गार लागलं की कळायचं. मध्येच उंदराच्या बिळात पाणी शिरलं तर अर्धा तास नुसता तिथेच. एक एकर भिजायला अख्खी रात्र जायची. पायांना चिखल्या कायमच्या. वरच्या टोकाची झाडं पाण्यात बुडालेली, खालच्या टोकाची तहानलेली. युरिया टाकला तर अर्धा पाण्याबरोबर खाली. आणि मे महिन्यात पाळी चुकली, एखादी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, की आठ दिवसांची पाळी चौदा दिवसांवर जायची. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत. मग रास तेरा येणार नाही तर काय?

१९९२ साली दीड एकराला ठिबक बसवलं. वडील होते तेव्हा. ते म्हणाले, "थेंबानं कुठं केळ जगते? केळीला पाणी पाजावं लागतं." महिनाभर गप्प राहिले. मग मला वाटायला लागलं की ठिबकाच्या प्लॉटमध्ये ओल जरा जास्तच दिसते. एका पहाटे गेलो तर म्हातारबुवा बंद केलेला दांड फोडून मोकाट पाणी देत उभे. मी काहीच बोललो नाही. खुरपी घेतली, शेजारच्या ओळीत ड्रिपरखाली उकरायला लागलो. वरची माती कोरडी भुगा. चार बोटं खाली ओल लागली, आणि मग पूर्ण उकरलं तर कलिंगडाएवढा ओलाव्याचा गोळा, आणि त्यात पांढऱ्या मुळ्यांचं नुसतं जाळं. वडिलांनी एक मुळी तोडून हातावर घेतली, वास घेतला. दांड स्वतःच बुजवला. त्यानंतर कुणी पाहुणा आला की त्याला शेतात नेऊन उकरून दाखवायचे, जणू हे त्यांनीच शोधून काढलंय. एका उन्हाळ्यात दाखवून दाखवून चार झाडांच्या मुळ्या उघड्या पाडल्या.

उन्हाळ्यात झाडाला वीस लिटर धर. दोन ड्रिपर चार-चार लिटरचे, अडीच तास. एकराला पस्तीस हजार लिटर रोज. मोकाट पाण्याच्या मानानं कितीतरी कमी. आणि खत थेट मुळाशी, आठवड्याला थोडं थोडं. झाडाला वर्षाचं दोनशे ग्रॅम नत्र आणि दोनशे ग्रॅम पालाश, तेच पूर्वी तीन-चार वेळा मुठीनं फेकायचो.

पण एक गोष्ट लक्षात ठेव. ठिबक आल्यावरही कंदाची केळी मागेपुढेच निसवायची. रास वाढली, सोळा-सतरावर गेली, मात्र वेळ काही फार कमी झाला नाही. तो कमी केला टिश्यूच्या रोपांनी. आमच्या भागात ती नव्वदच्या दशकाच्या मध्याला दिसायला लागली. मी १९९८ ला आठशे आणली. एवढी एवढी रोपं, पिशवीत, पाच-सहा पानांची. एका रोपाला जे मोजलं त्यात कंद डझनभर आले असते. घरी कुणालाच सांगितलं नाही किती दिले. आणि शहाणपणा असा केला की दुपारी लावली. पिशवी ओढून काढली, मातीचा गोळा फुटला, दीडशे रोपं तीन दिवसांत करपली. दोष रोपांचा नाही, माझा. कंद कसाही फेकला तरी उगवतो, त्याच हातानं मी हे लावायला गेलो. उरलेली सातव्या महिन्यात निसवली. सगळी एकदम! गावातले लोक बघायला यायचे. अशी ओळीनं केळफुलं लोंबताना आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती.

म्हणून तुझ्या वडिलांचं वाक्य बरोबर. मोठा बदल वजनाचा नाही, वेळेचा आहे. आणि चांगलं-वाईट दोन्ही तिथूनच निघालं.

कंदाच्या काळात दर आठवड्याला थोडे थोडे घड निघायचे, तीन-साडेतीन महिने. एका आठवड्यात भाव पडला तर पुढच्यात सुधारायचा. आता सगळी बाग महिन्याभरात कापायची. त्या महिन्यात भाव मेला की वर्ष मेलं. व्यापाऱ्यालाही माहीत असतं की याचे घड पिवळे पडायला लागलेत, हा थांबू शकत नाही. आमच्याकडे बुऱ्हाणपूरच्या लिलावाकडे डोळे लावून बसतात, बोर्डाचा भाव एक आणि बांधावर मिळतो दुसराच. वर कटती, म्हणजे वजनात कापाकापी. दुसरं असं, मृगबाग जूनला लावली की पुढच्या मे-जूनला कापणी, आणि वादळंही नेमकी तेव्हाच. पूर्वी वादळात निम्मी झाडं बिनघडाची असायची, ती वाचायची. आता सगळी एका वयाची, सगळ्यांवर पंचवीस किलोचं ओझं. २०१८ च्या जूनमध्ये अर्ध्या तासात माझी साडेतीन एकर आडवी झाली. विमा मिळाला, पण त्याची गोष्ट इथे नको.

आता तुझ्या युगांडाच्या मित्राचा प्रश्न. पोरगा हुशार आहे.

वाचलेल्या पाण्यावर मी आणखी चार एकर केळी लावली. हे उत्तर. मी लावली, शेजाऱ्यानं लावली, ज्याच्या शेतात कापूस-ज्वारी होती त्यानंही लावली, कारण आता दीड इंची पाण्यावर केळी जगते हे कळलं. पूर्वी पाणी पुरायचं नाही म्हणून केळीला आपोआप लगाम होता. १९७८ ला माझी विहीर साठ फुटांची, पावसाळ्यात हात घालून पाणी काढता यायचं. १९९५ ला पहिली बोअर अडीचशे फूट. आताची साडेसातशे. ठिबक तेच, झाडाला लिटर तेवढेच, पण पाणी येतं कुठून ते बघ. त्याला सांग, एका झाडाचं पाणी वाचलं, तालुक्याचं नाही.

लॅबवाली_ताई

काका, तुमच्या वडिलांचा उकरून दाखवण्याचा किस्सा मी आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवला.

मी सहा वर्षं टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये काम केलंय, तर त्या बाजूचं थोडं सांगते. सगळी रोपं "एकदम" का निसवतात याचं कारण साधं आहे, त्यांचं वय आणि आकार आम्ही बाटलीतच एक करून पाठवतो. निवडलेल्या जोमदार झाडाचा मुनवा घ्यायचा, एकेक थर सोलत आतला कोंब काढायचा, निर्जंतुक करायचा आणि अगारच्या पोषक जेलीवर ठेवायचा. त्याला फुटवे येतात, ते चिमटा-स्काल्पेलनं वेगळे करून नव्या बाटलीत. दिवसभर लॅमिनार फ्लोसमोर (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या टेबलासमोर) बसायचं, समोर बर्नर, हाताला स्पिरिटचा वास. घरी गेल्यावर भाकरीलाही तोच वास यायचा. एका बाईच्या हाताखालून दिवसाला सात-आठशे फुटवे सहज जातात, आणि ही कामं जवळपास सगळीकडे बायकाच करतात. तुझ्या भाषणात हे जरूर घे. "तंत्रज्ञान" म्हटलं की लोकांना यंत्र दिसतं, इथे चिमटा आहे.

फुटवे किती वेळा वेगळे करायचे याला मर्यादा असते, साधारण आठ फेऱ्या. त्यापुढे गेलं की बागेत विचित्र झाडं निघायला लागतात, बुटकी, पानं चिरलेली, घड वाकडा. लोभापायी फेऱ्या वाढवल्या की भोगतो शेतकरी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहे, रोपं घेताना विषाणू तपासणीचा दाखला मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, तरी मागा.

आणि हे जनुक बदललेलं पीक नव्हे. असं समजून प्रश्न विचारणारे खूप भेटतात.

एक काळजीची गोष्ट. सगळी ग्रँड नैन म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. जगात पूर्वी ग्रोस मिशेल नावाची जात निर्यातीला चालायची, ती १९५० च्या दशकात पनामा मर रोगानं बसली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या केळी आल्या. ग्रँड नैन त्यातलीच. त्या रोगाचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशला सोडत नाही आणि तो बिहारमध्ये पोचलेला आहे. मातीतून, पाण्यातून, बुटाला लागून जातो. औषध नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून मुनवे आणून लावू नका, एवढं तरी पाळा.

युगांडाच्या मित्रालाही सांग, शेजारच्या केनियात टिश्यूची केळी नव्वदच्या दशकातच लहान शेतकऱ्यांकडे गेली. पण हे रोप निरोगी असलं तरी लाडावलेलं असतं. पहिले दोन-तीन महिने पाणी-खत वेळेवर नाही मिळालं तर कंद त्याला मागे टाकतो. आपल्याकडे ते चाललं कारण ठिबक आधी येऊन बसलं होतं.

उजनीकाठचा

आम्ही करमाळ्याचे, म्हणजे या वर्गात नवे. उसाचा कंटाळा आला, बिलं वेळेवर नाहीत, म्हणून केळीत आलो. जळगावकरांनी शिकवलेलंच करतो, फक्त थोडी जास्त नाटकं करतो, कारण माल आखाती देशांत जातो. घड निसवला की केळफूल मोडायचं, वरच्या आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या काढायच्या, घडाला निळी पिशवी घालायची. कापलेला घड जमिनीला टेकवायचा नाही. गादी लावलेल्या खांद्यावरून थेट पॅकहाउस, टाकीत धुवायचा, तेरा किलोचा बॉक्स. एक काळा डाग दिसला की फणी बाजूला. पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या फण्या बाजूला गेल्या. मजुरांचं काही चुकलं नव्हतं, पानं घडाला घासत होती आणि मी पानं कापायला कंटाळलो होतो.

रावेरच्या काकांना एकच विचारतो, तुमच्याकडे एवढी जुनी केळी, २०१६ ला जीआयही (भौगोलिक मानांकन) मिळालं, मग निर्यातीत आम्ही पुढे कसे?

वहीवाला_रावेर

उजनीकर, टोमणा पोचला. आमच्याकडे मे महिन्यात घडाला ऊन लागून काळा पडतो आणि जानेवारीत थंडीचा चरका बसतो, फळ मातकट होतं. तुमच्याकडे एवढं टोक नाही. पण ते अर्धंच कारण. खरं कारण असं की आमचा माल वर्षानुवर्षं न धुता, न बांधता, वॅगनमध्ये थरावर थर रचून दिल्लीला जायचा आणि तिकडे खपायचा. सावदा, निंभोरा, रावेर, सगळ्या स्टेशनांवर केळीच्या पाल्याचा हा ढीग. जे तसंच विकलं जातं ते सुधारायला कोण जातं?

ताई, दाखल्याचं पटलं. पण रोप स्वच्छ असून भागत नाही. २०२० च्या पावसाळ्यात आमच्याकडे हरण्या आला, तुमच्या भाषेत सीएमव्ही, काकडीवरही येणारा विषाणू. पानावर पिवळे पट्टे, मग पोंगा (मधला कोवळा कोंब) सडतो. मावा पसरवतो. माझ्या चार हजार रोपांतली नऊशे उपटून पुरली. दोन महिन्यांची पोरं होती. शेजारच्याला म्हणालो तूही उपट. तो म्हणाला, बघू, सुधारतील. त्याच्या बागेतून मावा परत माझ्याकडे. आणि बांधाला त्यानं काकडी लावलेली, म्हणजे रोगाला मुक्कामाची सोय. रोप कितीही प्रयोगशाळेचं असो, शेजार गावचाच असतो.

यावलचा_परदेशी

काका, ताई, दादा, काय बोलू? पंधरा मिनिटांत हे कसं बसवू, हा नवा प्रश्न झालाय. पहिला फोटो ठरला. बाबांना सांगितलंय की ड्रिपरखाली उकरून फोटो पाठवा. ते म्हणाले, "येडा झाला का?" पण पाठवला. मुळ्यांचं जाळं दिसतंय.

मित्राला एका झाडाचं आणि तालुक्याचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आमच्याकडे ठिबक आलं की आधी आईला विचारीन, किती एकर वाढवणार आहेस.

काका, शेवटचं. या वर्षी तुम्ही किती लावताय?

वहीवाला_रावेर

तीन एकर. पाच लावायचो. बोअर एप्रिलमध्ये तासाभरातच गुळण्या टाकायला लागली, तेव्हाच ठरवलं. उरलेल्या दोनमध्ये आता सोयाबीन, मग हरभरा. मुलगा नाराज आहे, त्याचं म्हणणं आठशे फुटांवर पाणी आहे.

लाइट आली. दुसऱ्या प्लॉटचा व्हॉल्व्ह फिरवायचाय, जातो.